जांब्यात घरांचा तुटवडा नाही

घरे महाग आहेत, कारण ती कमी आहेत. तेव्हा परवानग्या मोकळ्या करा, एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक वाढवा, शेती विभागाचा निवासी विभाग करा, मग भाव आपोआप उतरतील. हा युक्तिवाद बांधकाम व्यावसायिकांच्या मेळाव्यात ऐकू येतो, विधिमंडळात ऐकू येतो आणि आता आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही ऐकू येऊ लागला आहे. तो मांडणारी माणसे वाईट नाहीत, त्यांतले दोघे-तिघे माझे जुने स्नेही आहेत. मला त्यांना एकदा पुण्याजवळच्या जांब्याला घेऊन जायचे आहे.

पुनावळ्यापाशी महामार्गाच्या पलीकडे गेले की रस्ता जांब्याकडे वळतो. पुढे नेरे, मारुंजी आणि मारुंजीवरून हिंजवडी. माझे आजोळ याच पट्ट्यातले. लहानपणी पावसाळ्यात इथे भाताची खाचरे भरलेली असत आणि मामाच्या बैलगाडीतून उतरले की पाय घोट्यापर्यंत चिखलात जात. आज त्याच रस्त्यावर विसाव्या-बाविसाव्या मजल्यापर्यंत गेलेल्या इमारती आहेत. मारुंजी, जांबे आणि नेरे यांच्या हद्दीत मिळून जवळपास ४०० एकरांची एक अख्खी नगरवसाहत उभी राहते आहे. दर वळणावर 'पझेशन सुरू'चे फलक लागलेले दिसतात. संध्याकाळी खाली उभे राहून वर पाहावे, कितीतरी खिडक्यांत दिवा लागत नाही. इथे घरांचा तुटवडा आहे, असे या रस्त्यावर उभे राहून कोणाला म्हणता येईल?

नियमांनी बांधकाम अडवले, असे म्हणावे तर तोही पुरावा इथे मिळत नाही. या भागाचे नियोजन आजही १९९७ साली मंजूर झालेल्या प्रादेशिक योजनेच्या आधाराने चालते. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण ही संस्था, म्हणजे पीएमआरडीए, स्थापन झाली. तिने २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, त्यावर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. म्हणजे शाळा कुठे, दवाखाना कुठे, मैला कुठे वाहून न्यायचा, हे ठरवणारा कागद दहा वर्षांत तयार झाला नाही. इमारती मात्र कागदासाठी थांबल्या नाहीत. २ डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने अधिमूल्य भरून जादा चटई क्षेत्र घेण्याची वाटही रुंद केली. जे मागितले जात होते ते जांब्याला मिळाले, आणि आता त्याचा हिशेब मागायचा हक्क आपल्याला आहे.

हिशेब सोपा आहे. दोन शयनगृहांचा फ्लॅट ६० लाखांचा धरू, या रस्त्यावर हा आकडा मुळीच चढा नाही. वीस टक्के स्वतःचे घातले तर कर्ज ४८ लाखांचे. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी महिन्याचा हप्ता होतो ४१,६५० रुपयांच्या आसपास. आता पंतप्रधान आवास योजनेतला 'अल्प उत्पन्न गट' पाहा, त्याची वरची मर्यादा वर्षाला ६ लाख म्हणजे महिन्याला ५० हजार. या कुटुंबाने हप्ता भरला तर हातात आठ हजार उरतात. त्यात किराणा, मुलांची फी, दुचाकीचे पेट्रोल आणि म्हाताऱ्यांची औषधे. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा घरावर जावा, हा जुना ठोकताळा लावला तर या कुटुंबाला जेमतेम १९ लाखांचे कर्ज झेपते, म्हणजे २४ लाखांचे घर. तसे घर या रस्त्यावर दाखवा.

आणि सरकार 'परवडणारे घर' कशाला म्हणते? जीएसटीच्या नियमात एप्रिल २०१९ पासून व्याख्या आहे: किंमत ४५ लाखांपर्यंत, आणि पुणे त्या नियमातल्या महानगरांच्या यादीत नसल्याने चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत. अशा घरावर एक टक्का कर, बाकीच्यांवर पाच टक्के. पण ४५ लाखांच्या घराचा हप्ताही ३१ हजारांवर जातो. ज्याच्या नावाने ही सवलत दिली त्याच्या पगारात ती व्याख्याच मावत नाही.

स्नेही यावर म्हणतात, जमीनच महाग आहे हो, बिल्डर तरी काय करणार? शेतकऱ्यांनी भाव चढवून ठेवलेत. या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण त्यात कार्यकारण उलटे केलेले आहे. डेव्हिड रिकार्डो नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली धान्याविषयी दाखवून दिले होते की खंड जास्त द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग विकते म्हणून जमिनीला जास्त खंड मिळतो. घरांचेही तसेच आहे. विकासक आधी पाहतो की इथे फ्लॅट कितीला जाईल, त्यातून बांधकामखर्च, व्याज, अधिमूल्य आणि स्वतःचा नफा वजा करतो, आणि उरते ते जमिनीला देऊ करतो. जादा एफएसआय मिळाला की ही उरणारी रक्कम वाढते. ती ग्राहकाच्या खिशात परत जात नाही, जमिनीच्या भावात जाते. एफएसआयच्या घोषणेने गुंठ्याचा भाव आधी चढतो आणि घर स्वस्त होण्याची वाट पाहणारा माणूस आणखी मागे पडतो.

शेतकऱ्याची बाजू मी घरातून पाहिली आहे. सातबाऱ्यावर अकरा नावे. आत्यांची हक्कसोडपत्रे घ्यायची, मुंबईत गेलेल्या चुलत्याची सही आणायची, मोजणीसाठी तारखा घ्यायच्या. या गुंत्यात कोणीतरी मधला माणूस येतो, थोडका विसार देतो, साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून घेतो आणि जमीन वर्ष-दोन वर्षांत पुढच्याला देतो. रस्त्याची, मेट्रोची, एमआयडीसीच्या पुढच्या टप्प्याची बातमी जाहीर होईपर्यंत मूळ मालकाच्या हातून पुष्कळदा जमीन गेलेली असते. आमच्या मामांचे तेच झाले. मिळालेल्या पैशांत घर झाले, लग्ने झाली, एक गाडी आली, आणि पुढच्या पिढीला पिकवायला काही उरले नाही. माझा मामेभाऊ आज हिंजवडीत एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. त्याच्या आजोबांच्या बांधावर उभ्या असलेल्या इमारतीत त्याला घर घेता येत नाही. त्याला हावरट कोण म्हणतो?

जमिनीला जो भाव आला तो मामांनी आणला नाही आणि मधल्या माणसानेही आणला नाही. तो हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्कने आणला, महामार्गाने आणला, माण ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोच्या आशेने आणला. म्हणजे सार्वजनिक पैशाने आणि सार्वजनिक निर्णयांनी. मग त्या वाढीतला वाटा सार्वजनिक कामासाठी, गरजूच्या घरासाठी मागणे ही लूट कशी ठरते?

विरोधी बाजूचे एक म्हणणे मी पूर्ण मान्य करतो. सरकारने घरांच्या बाबतीत पूर्वी घोर चुका केल्या. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि भाड्याची चाळ बांधण्याची परंपराच संपवली. दुरुस्तीला पैसा नाही म्हणून इमारती पडल्या, माणसे दगावली. १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत अर्धे शतक गेले होते. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने जास्तीची जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळेल असे सांगितले, आणि प्रत्यक्षात सवलतीच्या कलमांखाली जमिनी अडकून पडल्या, फायलींना पाय फुटले. हा कायदा महाराष्ट्राने २००७ च्या नोव्हेंबरात रद्द केला. त्याही वेळी सांगितले होते की आता जमीन बाजारात येईल आणि घरे स्वस्त होतील. जमीन आली, इमारती आल्या, भाव चढत गेले. बंधनाने घर मिळाले नाही हे खरे असेल, तर बंधन काढल्यानेही मिळाले नाही हेही तितक्याच मोकळेपणाने मान्य करायला हवे.

मग सरकार काय करू शकते हे पाहायला दूर जायला नको, जांब्यापासून काही किलोमीटरवर आपलाच एक अनुभव आहे. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. हेतू स्पष्ट होता: कारखान्यांत काम करणाऱ्याला कामाच्या जवळ रास्त दरात घर. आकुर्डी, निगडी भागात प्राधिकरणाच्या पेठा उभ्या राहिल्या. रुंद रस्ते, बागा, लहान घरे, आणि तिथे खरोखर कामगारांची कुटुंबे नांदली. माझ्या एका काकांनी कंपनीतल्या पगारावर तिथे घर घेतले आणि निवृत्त होण्याच्या आधी कर्ज फेडले. आजच्या सुपरवायझरला हे परीकथेसारखे वाटते. पण ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या, त्यांच्यातल्या अनेकांचा साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला. पुढे तर घरे बांधण्यापेक्षा भूखंडांच्या बोली लावण्याकडे लक्ष गेले. २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित झाले आणि त्याचा कारभार पीएमआरडीए व महापालिका यांच्यात वाटला गेला. जमीन देणाऱ्यावर अन्याय करून उभी केलेली स्वस्ताई मला नको आहे. पण ज्या यंत्रणेने एकदा कामगाराला घर देऊन दाखवले, तिचे अपुरे काम पूर्ण करायचे सोडून ती मिटवून टाकली आणि 'सरकारला हे जमतच नाही' असा निष्कर्ष काढला, हे मला मान्य नाही. सिंगापूरमध्ये तीन-चतुर्थांशाहून जास्त रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. तिथली राजवट आपल्याला नको असेल, पण घर बांधणे हे सरकारच्या कुवतीबाहेरचे आहे असे निदान त्या शहराकडे पाहून म्हणता येत नाही.

तुटवडा नेमका कशाचा आहे, हे केंद्र सरकारच्याच तांत्रिक गटाने २०१२ साली मोजले होते. शहरी भारतात १ कोटी ८८ लाख घरांची कमतरता, आणि तिच्यातला सुमारे ९६ टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा. त्याच सुमाराच्या, २०११ च्या जनगणनेत शहरी भारतातली रिकामी घरे १ कोटी ११ लाख निघाली. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचले की 'पुरवठा वाढवा' या घोषणेत किती मोठी जागा मोकळी सोडलेली आहे ते दिसते. कोणासाठी पुरवठा? गुंतवणूक म्हणून तिसरा फ्लॅट घेणाऱ्याची मागणीसुद्धा बाजाराच्या भाषेत मागणीच असते, आणि तिच्या हातात पैसे आधी असतात.

जांब्याच्या इमारतींत रोज सकाळी ज्यांच्या हातांनी चुली पेटतात, त्यांच्याकडे आता येतो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पत्र्याच्या एका खोलीत भाड्याने राहतात. खोलीला करार नाही, पावती नाही. मालकाने म्हटले की महिन्याभरात सामान हलवायचे. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या ओळखीच्या पंधरा कुटुंबांनी मिळून कासारसाईच्या बाजूला वीस गुंठे जमीन घेतली. सोळा जणांनी एकत्र का? कारण १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही, जिरायतीला ते क्षेत्र वीस गुंठे आहे. दस्त सोळा जणांच्या नावे, सातबारा सामाईक, जागेवर तारेच्या कुंपणाने आपापला गुंठा-सव्वा गुंठा वेगळा केलेला. या जागेवर बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवानगी मिळत नाही, वीज मीटरसाठी चकरा माराव्या लागतात. मावशींनी त्यात मंगळसूत्र आणि भिशीचे सगळे पैसे घातले आहेत.

ही 'अनधिकृत वस्ती' आहे, पाडून टाका, असे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिणाऱ्यांना मी विचारतो, अधिकृत कोणती वाट तुम्ही त्यांच्यासाठी उघडी ठेवली होती? शासन अशा वस्त्यांकडे मागून पाहते. २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी पुढे सरकवली. २०२५ च्या जुलैमध्ये महसूलमंत्र्यांनी एक गुंठ्यापर्यंतचे १ जानेवारी २०२५ पूर्वीचे तुकडे नियमित करण्याची घोषणा केली. मी या घोषणेचे स्वागत करतो, तिने हजारो कुटुंबांची झोप परत येईल. पण गरिबाने आधी नियम मोडायचा, पंधरा-वीस वर्षे धास्तीत काढायची आणि मग दंड भरून घर नियमित करून घ्यायचे, हीच जर त्याच्यासाठीची गृहनीती असेल, तर तिला धोरण हे नाव मी देणार नाही. रस्ता, गटार, पाण्याची वाहिनी आधी टाकून अर्ध्या गुंठ्याचे, गुंठ्याचे भूखंड सरकारने स्वतः का पाडू नयेत?

मावशींपेक्षाही मागे उभा आहे तो या इमारती बांधणारा. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कामगाराला कामाच्या ठिकाणी किंवा जवळ विनामूल्य तात्पुरते घर द्यायचे बंधन मालकावर घातले होते. प्रत्यक्षात लेबर कॅम्प म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची रांग, एकाच नळावर भांडण, आणि पावसाळ्यात जिवाला घोर. २०१९ च्या जूनमध्ये कोंढव्यात संरक्षक भिंत अशाच झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. घरांच्या प्रश्नावर चर्चासत्र भरते तेव्हा विकासक असतो, बँकेचा माणूस असतो, अधिकारी असतो, फ्लॅटधारकांचा प्रतिनिधीही असतो. या माणसासाठी मी कधी खुर्ची ठेवलेली पाहिली नाही.

फ्लॅट घेणारा तरुण सुखी आहे असेही नाही, आणि त्याला शेतकऱ्याविरुद्ध किंवा मावशींविरुद्ध उभे करणाऱ्यांपासून त्याने सावध राहावे. त्याने घर घेतले तेव्हा पाण्याचा प्रश्न हमीपत्रावर सुटला होता: स्थानिक संस्था पाणी देईपर्यंत विकासक देईल. विकासक काम संपवून गेला, संस्था आलीच नाही, आणि टँकरचे बिल देखभाल खर्चात जाऊन बसले. उन्हाळ्यात ते बिल हप्त्याच्या जोडीला दुसरा हप्ता होते. हिंजवडी, माण, मारुंजी, जांबे, नेरे, गहुंजे, सांगवडे ही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायचा प्रस्ताव कित्येक वर्षे येतो-जातो आहे. तोवर हजारो फ्लॅटचे पाणी, कचरा, मैला यांचा भार एकेका ग्रामपंचायतीच्या मनुष्यबळावर. घराची किंमत करारनाम्यावर लिहिलेल्या आकड्यापाशी संपत नाही. जी परवानगी पाण्याची खात्री न करता दिली जाते, ती घर महाग करणारीच परवानगी असते. म्हणून परवानग्या मोकळ्या करा म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की पाण्याच्या वाहिनीशी बांधलेली परवानगी ग्राहकाचे पैसे वाचवते.

गावाकडचे काहीजण म्हणतात बांधकामच थांबवा. मला तेही पटत नाही. माणसे कामासाठी येणार, आणि येणाऱ्याला घर हवेच. ज्यांचे आपले घर घेऊन झाले त्यांनी दार लावून घेणे हा न्याय नव्हे. प्रश्न बांधायचे की नाही हा नाही, कोणासाठी बांधायचे हा आहे.

राज्याने २०२५ च्या मे महिन्यात नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. 'माझे घर, माझा अधिकार' हे त्याचे घोषवाक्य, २०३० पर्यंत ३५ लाख घरे हे उद्दिष्ट. आधीचे धोरण २००७ चे होते. नव्या धोरणात नोकरीच्या जागेजवळ घर आणि कामगारांसाठी भाड्याची घरे यांचा उल्लेख आहे, ही चांगली गोष्ट. मग त्याची सुरुवात हिंजवडीच्या शेजारी व्हायला हवी, कारण इथे हजारो माणसे रोज सुरक्षारक्षक, सफाई कामगार, चालक, उपाहारगृहातले मदतनीस म्हणून येतात आणि त्यांच्यातल्या कोणालाही इथले घर विकत घेता येत नाही. त्यांना विकत घ्यायला लावूही नका. म्हाडाने किंवा एमआयडीसीने स्वतःच्या मालकीची, पावती मिळणारी, महिन्याच्या सूचनेवर रिकामी करावी न लागणारी भाड्याची घरे बांधावीत. मुंबईत १९२० च्या दशकात बीडीडी चाळी सरकारनेच बांधल्या होत्या, २०७ इमारती. त्यांची पुढे हेळसांड झाली, पण शंभर वर्षे त्यांनी गिरणीकामगारांच्या आणि पोलिसांच्या पिढ्या मुंबईच्या मध्यभागी राखल्या.

जमीन कुठून आणायची? नगररचना योजना हे साधन कायद्यात आहे. म्हाळुंगे-माणमध्ये पीएमआरडीएने ते वापरायला घेतले आहे: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागा काढायच्या आणि शेतकऱ्याला निम्मी जमीन विकसित भूखंड म्हणून परत द्यायची. शेतकरी मालक राहतो, वाढलेला भाव त्याला मिळतो, मधल्या माणसाची गरज उरत नाही, आणि दुर्बल घटकांच्या घरांसाठी सुमारे दहा टक्के जमीन काढण्याची सोयही कायद्यातच आहे. आमच्या मामांना साठेखताऐवजी ही वाट कोणी दाखवली असती, तर मामेभाऊ आज दुसऱ्याच्या ठेक्यावर सुपरवायझर नसता. जांबे-नेरे पट्ट्यात अजून शेती शिल्लक आहे. रद्द झालेल्या आराखड्याच्या जागी नवा येईल तेव्हा त्यात ही योजना आधी असावी आणि निवासी विभागाचा रंग नंतर भरावा.

परवा मावशींनी पदराच्या गाठीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "दादा, टीव्हीवर सांगितलं एक गुंठा नावावर होणार. आमचा होईल का बघा." मी सातबारा वाचला. सोळा नावे, एकत्रित क्षेत्र, मोजणी नाही, जाण्यायेण्याचा रस्ता कागदावर कुठेच नाही. मी त्यांना म्हटले, अर्ज करू. तहसील पौडला आहे, तिथे जायला त्यांना दिवसभराची सुट्टी घ्यावी लागेल, आणि ती घेतली की तीन घरांचे खाडे पडतील. गुरुवारी जायचे ठरले आहे.